मिकाजी धाग

पत्र हातात आलं की नाना घाग पत्ता खालून वर वाचायचे. आधी गाव, मग वाडी आणि माणसाचं नाव सगळ्यांत शेवटी. तीस वर्षं टपालकचेरीत पत्रं वेगळी करण्यात गेलेली, त्यामुळे नाव लागलं नाही तरी त्यांचं अडत नसे. आखातातून आलेलं, शाई पसरलेलं पाकीट डोळ्यांशी धरून म्हणायचे, "पावसचं हाय. त्या वाडीतले दोघंच तिकडं. एक तर गणपतीला येऊन इथंच बसलाय. म्हंजे दुसऱ्याच्या घरचं." पत्र रवाना झालं की पुन्हा चौकशी नाही. "परत आलं नाय म्हंजे पोचलं," एवढंच.

मी तेव्हा रत्नागिरीत तंत्रनिकेतनात शिकवत होते, पण हंगामी. कायम व्हायचं तर पुढची पदवी हवी, पदवीसाठी प्रबंध हवा, आणि प्रबंधाला मी विषय घेतला होता हाताने लिहिलेलं मराठी संगणकाने ओळखण्याचा. सत्त्याऐंशी साल होतं. मला कोणी वेळीच अडवलं नाही, याचा अजूनही राग येतो.

संगणक एकच, त्याच्या खोलीत चपला काढून जायचं. कागदावरचं अक्षर परस्पर आत घेणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. म्हणून आलेखाच्या कागदावर अक्षर लिहायचं, शाई लागलेला चौकोन म्हणजे एक, कोरा म्हणजे शून्य, आणि सगळं बोटांनी बडवायचं. निवृत्त झालेले नाना आमच्याच आळीत राहायचे. अक्षर ओळखणारं यंत्र होतंय हे ऐकून आपणहून आले आणि शेजारी बसून चौकोन वाचून दाखवू लागले. "कोरा, कोरा, भरला, कोरा." एका अक्षराचे दोनशे छप्पन्न चौकोन. एखादी ओळ चुकली की पुन्हा पहिल्यापासून. मी वैतागायचे, नाना शांतपणे चष्मा पुसायचे.

पहिली अडचण आली ती शब्दाच्या डोक्यावरच्या रेघेची. रेघेने सगळी अक्षरं एकमेकांना बांधलेली, त्यामुळे संगणकाला अख्खा शब्द म्हणजे एकच अक्षर वाटायचं. महिनाभर डोकेफोड करून मी रेघ पुसून टाकणारा प्रोग्रॅम लिहिला. अक्षरं सुटी झाली. नानांनी हौसेने स्वतःचं नाव लिहून दिलं, भिकाजी घाग. पडद्यावर उमटलं, मिकाजी धाग.

भ आणि म, घ आणि ध यांच्यातला फरक त्या रेघेपाशीच असतो, हे मला पहिलीपासून माहीत होतं. प्रोग्रॅम लिहिताना मात्र आठवलं नव्हतं. नाना म्हणाले, "डोकीवरची रेघ काढलीस गो बाय, मग मानूस वळखायचा कसा?" आणि पोट धरून हसले. मला मुळीच हसू येत नव्हतं.

आता निरनिराळ्या लोकांची अक्षरं हवी होती. नाना कोरे कागद पिशवीत घालून एस.टी.ने पावसपासून हातखंब्यापर्यंत फिरले, भेटेल त्याच्याकडून नाव-पत्ता लिहून घेतला आणि दोन महिन्यांनी गठ्ठा आणून ठेवला. संगणकाने तो जवळजवळ बिनचूक ओळखला. मी आनंदाने मुंबईला मार्गदर्शकांना कळवलं. त्यांनी उलट टपाली आपल्या विद्यार्थ्यांचे कागद धाडले, आणि त्यातलं एक अक्षर धड ओळखेल तर शपथ. मी नानांचा गठ्ठा जमिनीवर पसरला तेव्हा दिसलं, की प्रत्येक क ची शेपटी एकाच जागी वळत होती.

"नाना, ही अक्षरं कोणाची?"

"त्यांचीच. मी जरा चांगल्या अक्षरात उतरवून काढली."

"कशाला?"

"बाय, कागद यंत्राकडं जानार, साहेब बघनार. एकेकाचं अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय. गावाचं हसं कशाला?"

मी नको ते बोलले. तुमच्या लुडबुडीने माझं वर्ष गेलं, नोकरीही जाईल, असं सगळं. नानांनी टोपी उचलली आणि निघून गेले. आठवडाभर फिरकले नाहीत. त्यांच्या दारात जायचं मला धाडस होईना, म्हणून हाकेच्या अंतरावरच्या माणसाला मी पोस्टकार्ड टाकलं. "चुकले" एवढंच लिहिलं आणि पत्त्यावर नाव घातलं, मिकाजी धाग.

तिसऱ्या दिवशी नाना कार्ड घेऊन हजर. "ह्या नावाचा इसम आळीत नाय," म्हणाले, "पन परत नाय धाडलं." काखेत पत्र्याचा डबा होता. त्यात सगळे मूळ कागद. तेलाचे डाग पडलेले, झ अर्धाच सोडलेले, ण उलटे झालेले. "टपाल फाडायचं नसतं," म्हणाले.

त्या कागदांवर संगणक निम्मी अक्षरं चुकला. पण त्या चुका निदान खऱ्या होत्या. मग मी एकेक अक्षर ओळखायचा हट्ट सोडला आणि संगणकाला नानांसारखा पत्ता खालून वाचायला लावला. त्यांनी सांगितलेली गावांची यादी आत घातली, आणि अक्षर फसलं तरी गाव जुळू लागलं. माणसांच्या नावांची यादी मात्र त्या संगणकात मावेना. प्रबंध वर्षभर उशिरा का होईना, मान्य झाला, मी कायम झाले. नाना दर शनिवारी विचारायचे, "मी अजून मिकाजीच काय गो?" मी म्हणायचे, "अजून." पुढच्या पावसाळ्यात ते गेले. न्युमोनियाचं निमित्त झालं.

त्यानंतर काही महिन्यांनी कॉलेजात नवा, मोठा संगणक आला. नावांची यादी त्यात मावली. मी नानांच्या हातचा तो पहिला कागद काढला, चौकोन स्वतःच मोठ्याने वाचत भरले. पडद्यावर आलं, भिकाजी घाग. मला रडू आलं नाही, संताप आला. त्या यंत्राचा, माझा, आणि थोडा नानांचाही. नाना आणखी एक वर्ष थांबले असते तर काय बिघडलं असतं.

तो छापील कागद मी पाकिटात घातला आणि नानांच्या पत्त्यावर टाकला. नाव या वेळी नीट, भ आणि घ वरची रेघ सांभाळून लिहिलं. पत्र परत आलं नाही.