उन्हात राहिलेली काडतुसं

त्या सकाळी मी ‘हो’ म्हणाले ते खोटं होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी बाजू घेणार नाही.

कुवेतमधल्या एका नेमबाजी क्लबात मी नोंदी ठेवायचे. त्याआधी पुण्यात कॉलेजात असताना पत्रकं लिहून लिहून माझा हात बसला होता. कॅन्टीनचं पाणी, होस्टेलचे नियम, सफाई कामगारांना न मिळणारे हातमोजे. आरोप, पुरावा, मागणी, सगळं एका पानात. क्लबात आले तेव्हाही मी विषय शोधतच होते, आणि तो मला चाचांच्या खोलीत सापडला.

चाचा रत्नागिरीकडचे, साठीला टेकलेले. रायफलची काडतुसं हाताने भरायचं त्यांचं काम. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, तळाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची, वर हातयंत्राने गोळी दाबायची. खोलीला खिडकी नाही, तराजू जुन्या दांडीचा. ‘अख्ख्या कुवेतमध्ये उघड उघड दारू मोजणारा मी एकटाच,’ असं ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे. दारूबंदीच्या देशात यावर लोक हसायचे. मला मात्र राग यायचा. एवढ्या श्रीमंत क्लबाला या माणसासाठी एक इलेक्ट्रॉनिक काटा घेता येत नाही?

जूनमध्ये नव्या भरणीची चाचणी होती. आमचे इजिप्शियन प्रशिक्षक, सगळे त्यांना कॅप्टन म्हणत, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच-पाच गोळ्या झाडणार आणि मी कागदावरची भोकं मोजणार. भोकं जितकी जवळ, तितकी भरणी चांगली.

चाचांनी काडतुसांची पेटी माझ्याकडे दिली. ‘पोरी, सावलीत ठेव हां.’

टेबलावर माझे कागद पसरलेले. मी पेटी बाजूच्या कठड्यावर ठेवली. तेव्हा तिथे छपराची सावली होती. थोड्या वेळाने ती सरकली आणि अर्धी पेटी उन्हात आली. मी ते पाहिलं. उचलू म्हटलं, आणि रकाने आखत बसले.

पहिल्या पाच गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ लागल्या. पुढच्या पाच मात्र एकीच्या वर एक, उभ्या रांगेत.

‘चाचा, ही काय शिडी बांधलीत?’ कॅप्टन त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले. ‘वजन चुकलं?’

चाचांनी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं. मग मला मराठीत विचारलं, ‘पेटी सावलीत होती ना?’

‘हो.’

दुसऱ्यांची चौकशी करायची सवय असलेल्या माणसाला कुणी प्रश्न विचारला की झोंबतं. खोटं बोलण्याचं एवढंच कारण. यापेक्षा चांगलं असतं तर सांगितलं असतं.

दुपारी मी कॅप्टनसाठी इंग्रजीत अहवाल लिहिला. दोन पानं. ‘कालबाह्य तराजू’, ‘अंदाजावर चाललेला कारभार’, ‘नेमबाजांच्या सुरक्षेशी खेळ’. मागणी शेवटी, ठळक अक्षरात: नवा काटा द्या, खोलीला हवा द्या. मला वाटलं, मी चाचांसाठी लढतेय. कॅप्टननी आरोप वाचले, मागणी सोडून दिली. आठवड्याभरात खोली बंद झाली, कारखान्यातली तयार काडतुसं आली, आणि चाचांना टार्गेटच्या चौकटींवर कागद चिकटवायला बसवलं.

ऑगस्टमध्ये तीच शिडी पुन्हा दिसली, तयार काडतुसांनी. एका सभासदाने खोका उन्हात ठेवला होता. कॅप्टन त्याला सहज म्हणाले, ‘दारू तापली की गोळी वर जाते, सावलीत ठेव.’ मी तिथेच वही घेऊन उभी होते.

मी तडक चौकटींच्या शेडमध्ये गेले आणि चाचांना सगळं सांगितलं.

‘माहीत आहे,’ ते म्हणाले. ‘पेटीत उरलेली काडतुसं उचलली तेव्हाच कळलं. न झाडताच काही थंड, काही तापलेली.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तुला विचारलं होतं ना. तू हो म्हणालीस. साहेबासमोर आपल्याच मुलखातल्या पोरीला खोटी पाडू?’ मग जरा हसून, ‘आणि तू एवढं छापून मोकळी झालीस. मला वाचता तरी कुठे येतं इंग्रजी.’

त्याच दिवशी मी कॅप्टनना लेखी दिलं. पेटी मी उन्हात ठेवली, विचारल्यावर खोटं बोलले, भरणीत दोष नव्हता. तीन ओळी पुरल्या. त्यांनी वाचलं, फाईलला लावलं. म्हणाले, खोली एअर पिस्तूलवाल्यांना दिली, यंत्र विकलं, आता काय करायचं?

मी शेडमध्ये परत आले आणि कॅप्टनना लेखी दिल्याचं सांगितलं.

‘काय म्हणाले?’

‘खोली परत नाही म्हणाले.’

चाचांनी मान हलवली. हातातल्या कागदाला फुगा आला होता, तो त्यांनी तळव्याने दाबला. ‘बरं,’ ते म्हणाले. ‘ते टोक धर जरा. ताण दे.’