विरोधातलं मत आणायला गेलेली मंदाआत्या

गुजरातेतल्या आमच्या शहरात, समा भागातल्या भास्कररावांच्या सोसायटीचा वॉचमन अजूनही शपथेवर सांगतो की मंदाआत्यानं त्यांच्या स्कूटरच्या चाकातली हवा सोडली. "में जोयुं ने! बेन चाक पासे बेठां'तां, आम नीचां वळीने!" आपण डोळ्यांनी पाहिलं, बाई चाकापाशी वाकून बसल्या होत्या, असं म्हणत तो स्वतः उकिडवा बसून दाखवतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ही बातमी घडियाळी पोळ या आत्याच्या जुन्या गल्लीत, थेट तिच्या पायरीशी येऊन ठेपली, तेव्हा तिला शेपूटही फुटलं होतं. आधी हवा सोडली, मग देवाची भीती वाटली, म्हणून बाईनं भास्कररावांना आपल्याच स्कूटीवर घालून चर्चला आणलं म्हणे.

शेपटाचं टोक तेवढं खरं. चाकाशी आत्या बसली होती ती हवा भरायला, जिन्याखालचा जुना हातपंप घेऊन. लांबून बघणाऱ्याला भरणारी आणि सोडणारी सारखीच दिसते, हे आत्यालाही मान्य आहे. वॉचमनवर तिचा राग नाही. "त्याचं कामच बघायचं. समजून घ्यायचा पगार कुठे मिळतो त्याला?"

मंदाकिनी साळवी ही शाळेतली निवृत्त गायनशिक्षिका. रविवार सकाळची मराठी उपासना तिच्या पेटीवर चालायची. पेटी तिच्या वडिलांची, घरीच असायची; रविवारी भाची ती चर्चला नेऊन परत आणायची. भाता ओढला की आधी खोकायची, मग गायची, आणि तिच्यासोबत आत्याही खोकायची. कोण आधी खोकलं ते पहिल्या बाकावरच्यांनाही कळत नसे. बाजारात, बँकेत, शेजारणीशी दिवसभर गुजराती बोलणारी ही बाई रविवारी तेवढी आईच्या भाषेत गायची. ती म्हणायची, "मराठीतच प्रार्थना वर पोचते असं नाही गं. पण मराठीत मी पोचते."

आणि नेमकी तीच उपासना भास्कररावांना गुजरातीत हवी होती. भास्करराव रेल्वेतून निवृत्त झालेले. आधी घसा खाकरणार, मग उजव्या हाताचं बोट हवेत, मग "तात्पर्य काय". तात्पर्य आधी, मुद्दा नंतर.

"तात्पर्य काय, आपली नातवंडं गुजराती शाळेत जातात. गीतांचं पुस्तक उलटं धरून बसतात, मंदाताई!"

"मग सरळ धरायला शिकवा!"

"तात्पर्य काय, तोवर ती चर्च सोडतील."

"आणि गुजराती केलंत तर आम्ही म्हाताऱ्यांनी काय धरायचं? नुसता ताल?"

वर्षभर हे असं चाललं. प्रस्तुत लेखिका ही आत्याची भाची, शिवाय नकलाकार. त्या वर्षी तिची चंगळ होती. घरात भास्करराव, मैत्रिणींत आत्या, आणि पाहुणे आले की दोघांचं भांडण एकाच तोंडानं. आत्या हसायची, पण भास्कररावांची नक्कल संपली की म्हणायची, "आता त्याच आवाजात त्यांच्याबद्दल एक चांगलं वाक्य बोल." लेखिकेला ते कधी सुचलं नाही.

शेवटी पाळकसाहेबांनी जाहीर केलं की रविवारी उपासनेनंतर सभा, हात वर करून निर्णय. दोन्ही बाजू अगदी तोडीस तोड. त्या रविवारी आत्या चहा घेत होती आणि जयवंतरावांचा फोन आला. हे तिच्या बाजूचे सेनापती.

"मंदाताई, आनंदाची बातमी! भास्कररावांच्या स्कूटरचं चाक बसलंय. मुलगा वाघोडियाला, कंपनीत ड्यूटीवर. रिक्षावाल्यांचा संप. येत नाहीत ते! प्रभूनंच मार्ग काढला बघा."

"प्रभू काय लोकांच्या चाकातली हवा काढत फिरतो, जयवंतराव?"

बोलली खरी, पण आत्याला आनंद झाला होता. चांगला मोठा, आतून गुदगुल्या करणारा. उपासना वाचली! पेटी वाचली! पण चहावर साय धरली तरी कप तिनं उचलला नाही. देवासमोर गायला बसायचं आणि मनात मात्र भास्कररावांच्या बसलेल्या चाकाचे आभार मानायचे, हे काही तिला जमेना. तिनं पंप काढला, स्कूटीवर पायाशी ठेवला आणि भास्कररावांकडे निघाली.

पंपानं काही झालं नाही. आत्या भरत राहिली, हवा फुसफुसत बाहेर येत राहिली. भास्करराव गॅलरीतून बघत होते.

"तात्पर्य काय, पंक्चर आहे," त्यांनी वरून निकाल दिला.

"मग उतरा खाली! माझ्या मागे बसा."

"तुमच्या मागे? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, दोन म्हातारे चर्चला चाललेत. चला!"

बसले. गीतांचं पुस्तक छातीशी, पाय दोन्हीकडे लोंबकळत. पहिल्या सिग्नललाच वाद पेटला.

"मंदाताई, मी मत बदललेलं नाही हं. तात्पर्य काय, हात तुमच्याविरुद्धच वर होणार."

"खुशाल करा. पण आत्ता दोन्ही हात खाली ठेवा, तोल जातोय माझा!"

चर्चच्या फाटकात स्कूटी शिरली तेव्हा जयवंतरावांनी कपाळाला हात लावला. सभा झाली, हात मोजले गेले आणि आत्या एका मतानं हरली. ते मत कुठून आलं हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते तिच्याच मागे बसून आलं होतं.

"काय मिळवलंत?" जयवंतराव बाहेर पडताना फणफणले.

"ते आपल्या मताचे नाहीत, म्हणून चर्चच्या मंडळीचेही नाहीत का हो?" एवढंच बोलून तिनं स्कूटीला किक मारली.

घरी आल्यावर मात्र तिनं पेटीवर खोळ चढवली आणि खोळीच्या नाड्यांना दोन-दोन गाठी मारल्या. प्रस्तुत लेखिकेनं हे बघितलं आणि पैज लावली की पुढच्या रविवारी आत्या पेटीला हात लावणार नाही. लावला नाही, तर आत्यानं शेवउसळ खाऊ घालायची. लावला, तर लेखिकेनं भास्कररावांची नक्कल भास्कररावांच्याच दिवाणखान्यात, त्यांच्या देखत करायची.

"चालेल," आत्या म्हणाली आणि फोन उचलला. "भास्करराव, तुमच्या गुजराती गीतांच्या चाली येत नाहीत मला. गाऊन दाखवायला या."

आठवडाभर येऊन गात होते ते. एकही सूर जागेवर नाही. "हा कुठला सूर?" आत्या विचारायची. "तात्पर्य काय, वरचा," ते सांगायचे. त्यातून तिनं चाली कशा शोधल्या ते तिलाच माहीत.

रविवारी पेटी खोकली, आत्या खोकली आणि गीत सुरू झालं. आत्याचं नाक लाल, बोटं मात्र चुकली नाहीत. दुसऱ्या कडव्याला मागच्या बाकांवरून एकदम मोठा आवाज आला. पुस्तक उलटं धरणारी ती नातवंडं घसा फाडून गात होती. आत्यानं मान वळवून पाहिलं आणि भाता जरा जोरात ओढला.

पैज हरली म्हणून मग त्या संध्याकाळी भास्कररावांच्या दिवाणखान्यात लेखिकेनं घसा खाकरला, बोट हवेत उचललं आणि ती म्हणाली, "तात्पर्य काय, मंदाताईंनी मला आणलं नसतं, तर मी आलो नसतो." चांगलं वाक्य तेवढं एकच सुचलं.

भास्कररावांनी चहाची बशी खाली ठेवली. घसा खाकरला. बोट वर गेलं.

"तात्पर्य काय," ते म्हणाले, "मी असं मुळीच बोलत नाही."

आत्या पदर तोंडाशी धरून इतकी हसली की तिला खोकलाच आला.