दोन बोल्टांमधली फट

कॉईल बिघडली ती हिवाळ्यात. पिपरी मेघेला आमच्या घरामागे पत्र्याची एक खोली आहे. दुपारी तिचे पडदे ओढून मी तिथे विजेशी खेळतो. बायको त्याला पन्नाशीतला पोरखेळ म्हणते आणि ते खरंच आहे. माझी कॉईल म्हणजे तांब्याची तार गुंडाळलेला उंच पाइप, त्याच्या टोकाला हातभर जांभळी ठिणगी, खोलीभर तो तिखट वास. त्या उजेडात मी कुठे आहे, किती वाजले, काही भान राहत नाही.

सगळं अडतं ते खालच्या दोन पितळी बोल्टांपाशी. त्यांच्या टोकांमध्ये आठ-दहा पोस्टकार्डं मावतील एवढी फट हवी. वीज ती फट उडी मारून ओलांडते, तेव्हा वरची ठिणगी फुटते. त्या आठवड्यात मात्र जेवून परत आलो की कॉईल नुसती गुणगुणायची. पाहावं तर बोल्ट एकमेकांना चिकटलेले. मी टोकं कानशीने घासली, पंखा लावला, उष्णतेला दोष दिला, मग थरथरीला. पण थरथरीने नट ढिला होतो, हे तर करकचून आवळलेले असायचे. एवढं लक्षात यायला मला चार दिवस लागले, यावरून माझी हुशारी कळावी.

पाचव्या दिवशी जेवण अर्धवट टाकून आलो आणि दारातच थबकलो. आत वडील होते.

वडील वीज खात्यात लाईनमन होते. नाचणगावकडचे खांब चढण्यात त्यांचा जन्म गेला. आता त्यांचं विसरणं वाढलं होतं. सकाळचं जेवण, गल्ली, शेजारी, एकेक निसटत होतं. पुढे घरची माणसंही विसरतील, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यात माझी पाळी कधी येईल, या भीतीने मला झोप लागत नसे.

ते पाना घेऊन बोल्टांकडे निघाले होते. प्लग मी काढला होता, पण कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. एका स्पर्शात माणूस जातो. मी आत धावलो.

मी पोचण्याआधीच ते थांबले. कोपऱ्यातली काठीला बांधलेली तार उचलली, एक टोक अर्थिंगला अडकवलं, दुसरं कपॅसिटरला टेकवलं. टक्क. साठलेली वीज जमिनीत गेली. खात्रीसाठी पुन्हा टेकवलं. मग सावकाश बसून बोल्ट आवळू लागले. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे त्यांच्या हातांवर पडले होते.

“बाबा, काय करून राह्यले?”

“लूज जोडणी आहे हे,” मागे न बघता ते म्हणाले. “अशी सोडली का ठिणग्या मारते. उभ्या पिकाले आग लागते.”

जन्मभर त्यांनी ठिणग्या विझवल्या आणि मी त्या पाडत बसलो होतो. मला हसू आलं आणि रडूही.

मी त्यांना खुर्चीत बसवलं, फट मोकळी केली, प्लग लावून बटण दाबलं. ठिणगी अशी फुटली की त्यांचा चेहरा जांभळ्या उजेडाने भरला. ते खुर्चीत पुढे सरकले.

“चांगलं काम आहे,” ते म्हणाले. “कोणापाशी शिकले तुम्ही?”

मला ते कधी ‘तुम्ही’ म्हणाले नव्हते. पाळी आली होती.

“माझ्या वडिलांपाशी. लाईनमन होते.”

“मंग ओळखत असन मी त्याईले,” ते म्हणाले.