तापातलं पाणी

इस्माईल पखालीचं नाव निघालं की लोकं म्हणत्यात, गडी लई गुणाचा. व्हताच. पर गुण काय चाटायचाय? त्याच्या हातनं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं.

जुन्नरात प्लेगाची साथ आली तवा माळावर आजाऱ्यांच्या झोपड्या बांधल्या. मी, हौशीराम, कुडाच्या फाटकावर पहारेकरी. बाहेरचा माणूस आत सोडायचा न्हाई, असा हुकूम. इस्माईल कुकडी नदीचं पाणी कातड्याच्या पखालीनं आणून फाटकापाशी पिंपात वतायचा. आतले समदे तेच पाणी प्यायचे, एक त्याची बायको नूरबी सोडून.

तिला आत नेली तवाच त्यानं शुश्रूषेला ठेवलेल्या कुशाबाईला बजावलं व्हतं, "तापात पाणी देऊ नको. आमच्या अम्मीनं कधी दिलं न्हाई." आपल्याकडंबी तीच रीत. डाक्तर म्हणाला द्या, पर कुशाबाईला नवऱ्याचा शब्द मोठा. नूरबी पाणी मागायची, कुशाबाई म्हणायची, "तुझ्या मालकानं नको म्हणलंय." आन् मालक बाहेर पिंप भरतोय. माझी चिडचिड व्हायची, पर माझं कोण ऐकतंय?

नूरबीला आत नेल्याच्या तिसऱ्या दिवशी सावळेराम मास्तर भावाची खबर घ्यायला फाटकावर आला. वेळ जाईना म्हणून त्यानं मला ग्रीक लोकांच्या पाताळातल्या एका राजाची गोष्ट सांगितली. हनवटीपातूर पाण्यात उभा, पर प्यायला वाकला की पाणी खाली जातं. जन्मभर न्हाई, कायमचं.

पिंपापाशी ऐकत उभ्या इस्माईलनं पखालीचं तोंड आवळलं. "त्यानं काय केलं व्हतं, मास्तर?"

"पोटचं पोर मारून देवांच्या पानात वाढलं."

"मग माझ्या नूरबीनं काय केलंय?"

इस्माईलनं वाडगा भरला न् माझ्या हातात दिला. "भाऊ, एवढं तिला पाजा." मी कुशाबाईला हाक मारून वाडगा आत धाडला.

जरा वेळानं ती बाहेर आली. वाडगा तसाच भरलेला.

"तापाच्या भ्रमात हाय ती. ओठाला लावला तर तोंड फिरवती. म्हणती, त्यांनी नको म्हणलंय."

इस्माईल फाटकावर आदळला. "नूरबे, पी गं. मीच सांगतोय, पी."

तो फाटक ढकलून आत शिरायला लागला. मी त्याचे दंड धरून ठेवले. हुकूमच तसा व्हता.