मागचे सर

आमचे हॉकीचे सर सामना बघायचे तो आमच्याच गोलच्या मागून, जाळीला बोटं अडकवून. बाकीचे शिक्षक मैदानाच्या मध्यावर सावलीत खुर्च्या टाकून बसायचे. सर उन्हात. चेंडू समोरच्या टोकाला गेला की त्यांना नीट दिसायचंसुद्धा नाही. आम्ही गोल केला आणि आरडाओरडा झाला, की ते शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही विचारायचे, "कुणी मारला रं?" नेसरीच्या आमच्या शाळेत त्यांना नावानं फक्त मुख्याध्यापक हाक मारत. आम्हा मुलींसाठी ते मागचे सर.

तरुणपणी ते कोल्हापुरात एका संघाकडून खेळले होते, बॅक म्हणून. त्याची एक जुनी सल त्यांच्या मनात होती. "चौदा वर्षं खेळलो. मला कुणी मधल्या रेघंच्या पुढं सोडलं न्हाय," ते सांगायचे. "बॅक म्हंजे काय दाराला बांधलेलं कुत्रं हाय व्हय?"

मला त्यांनी निवडलं ती गोष्ट अगदीच साधी. मी आठवीत होते. मैदानाच्या कडेनं घरी चालले होते. एक चेंडू जोरात अंगावर आला. इतर मुली बाजूला पळाल्या. मी पायातली चप्पल काढून तो अडवला. सर धावत आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"कुणाची गं तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं.

"भ्याली न्हाईस?"

"चप्पल हुती की हातात."

सर इतक्या मोठ्यानं हसले की खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात चपलेऐवजी स्टिक होती.

त्यांची एक पद्धत मात्र कुणालाच पटायची नाही. हॉकीत एखादीनं धसमुसळेपणा केला की पंच पिवळं कार्ड दाखवतात आणि तिला पाच मिनिटं बाहेर बसावं लागतं. तेवढा वेळ समोर दहा जणी, आपण अकरा. अशा वेळी बाकीचे संघ आपल्या सगळ्यात तरबेज मुलींना पुढं लोटायचे. आमचे सर सगळ्यात लहान बॅकला पुढं धाडायचे. तिनं समोरच्यांच्या पंचवीस यार्डाच्या रेघेवर उभं राहायचं. गोलजवळच्या गर्दीतून बाहेर आलेला प्रत्येक चेंडू तिथं थांबवायचा आणि जी मोकळी असेल तिला परत आत द्यायचा. "उंबऱ्यावर बसल्यागत बसायचं," सर म्हणायचे. "चेंडू घराबाहेर पडाय नगं."

आमची कर्णधार सविताअक्का दहावीत होती. तिला हे अजिबात मान्य नव्हतं. एकदा सरावात माझ्याकडं बोट दाखवत ती सरांना तोंडावर म्हणाली, "सर, मी हाय की तिथं उभं ऱ्हायला. ही बारकी कशाला?"

"तुला येतंय म्हणूनच तू नगंस," सर म्हणाले. "हिला कवा येणार? आपण एक जादा असताना चुकायचं न्हाय, तर मग कवा चुकायचं?"

मी चुकले. नववीत असताना, जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात, कोल्हापुरात. एक-एक अशी बरोबरी होती. समोरच्या एका मुलीला पिवळं कार्ड मिळालं आणि जाळीमागून हाक आली, "बारके, जा पुढं!" मी गेले. सविताअक्कानं गर्दीतून माझ्याकडं चेंडू सोडला. आमचं मैदान मुरमाचं. तिथं चेंडू उड्या मारत येतो आणि येता येता दमतो. त्यामुळं आम्ही स्टिक जरा उचलून धरायचो. कोल्हापूरच्या टर्फवर, म्हणजे प्लास्टिकच्या हिरवळीवर, पाणी मारलेलं होतं. चेंडू साबणाच्या वडीसारखा सरपटत आला आणि माझ्या स्टिकखालून निघून गेला. त्यांची पुढची खेळाडू तो घेऊन पळाली. मागं गोलकीपरशिवाय आमचं कुणीच नव्हतं. जाळीला बोटं अडकवून उभ्या असलेल्या सरांच्या डोळ्यांसमोर गोल झाला.

परतीच्या एस.टी.त अक्का खिडकीकडं तोंड करून बसली होती. शाळेकडून तिचं ते शेवटचं वर्ष. मी तिच्याशी बोलायला गेले, तर तिनं ओढणी तोंडावर घेतली. गडहिंग्लजच्या अलीकडं सर माझ्या शेजारी येऊन बसले.

"चेंडू थांबंल असं वाटलं तुला?"

"व्हय."

"आपल्या माळावर थांबला असता. पाण्यावरचा चेंडू मी तुला कधी दावलाच न्हाय. माझी चूक हाय ती." मग पुढं वाकून ते अक्कालाही तेच म्हणाले, "माझी चूक हाय, सविता. रागवायचं तर माझ्यावर रागव."

अक्का रागावली नाही, पण संस्थेचे अध्यक्ष रागावले. दोन दिवसांनी मी वही द्यायला कार्यालयाकडं गेले, तर दारातच त्यांचा आवाज ऐकू आला. "बारक्या पोरींचे प्रयोग आता बास, सर. पुढल्या साली परत तसलं काय केलंसा, तर टीम दुसऱ्याकडं देणार. सांगून ठेवतो." सर काय बोलले ते ऐकू आलं नाही. मी तशीच परत फिरले आणि सरावाला जायचं बंद केलं.

आठ दिवसांनी सर घरी आले. माझी आई काजूच्या कारखान्यात जाते. टरफलातल्या तेलानं तिची बोटं काळी पडलेली, म्हणून पावण्यांपुढं चहा ठेवताना ती हात पदराखाली घ्यायची. तशीच ती म्हणाली, "सर, नगं आता ते हॉकी. मी बी हिला कारखान्याला न्हेते सुट्टीची. तिकडं बोलणी खाण्यापेक्षा बरं."

"न्ह्या की," सर म्हणाले. "पर तिला एकदा पाण्यावरचा चेंडू थांबवू द्या. मग न्ह्या."

आईला काही कळलं नाही. पण सर चहा संपला तरी उठेनात, तेव्हा तिनं नाइलाजानं हो म्हटलं.

नेसरीत टर्फ कुठून आणणार? सरांनी एक मंगल कार्यालय शोधलं. पावसाळ्यात लग्नं नसतात, त्यामुळं शहाबादी फरशीचा तो मोठा हॉल रिकामा पडलेला. सरांनी आम्हा मुलींकडून त्यावर बादल्या ओतून घेतल्या आणि स्वतः एका टोकाला बसून चेंडू सोडायला लागले. व्यवस्थापक ओरडत आला, "अवो सर, हितं लग्नं हुत्यात! म्याच न्हाय!"

"फरशी धुऊन मिळाल्या फुकटात, वर तक्रार काय करतासा?" सर म्हणाले आणि पुढचा चेंडू सोडला. "स्टिक खाली! जमिनीला चिकटीव! चपाती लाटतीस तसं!"

श्रावणभर आम्ही ती फरशी धूत होतो. माझे दोन्ही गुडघे सोलवटले. पण चेंडू थांबायला लागला.

दहावीत पुन्हा आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. तेच टर्फ. एका गोलनं आम्ही मागं होतो. अध्यक्ष स्वतः गाडी घेऊन आले होते आणि पुढच्या रांगेत बसले होते. सामना संपायला थोडा वेळ उरला असताना पंचांनी समोरच्या मुलीला पिवळं कार्ड दाखवलं. दहावीत आले तरी बॅकमध्ये सगळ्यात बारकी मीच होते. मी मागं वळून बघितलं नाही. हाक येऊ नये, असंच मला वाटत होतं.

"जा की पुढं!"

मी मान हलवली.

"अगं, जा!"

मी धावत जाळीजवळ गेले. "सर, नगं. अध्यक्ष आल्यात. तुमची टीम जाईल."

सरांनी जाळीतून माझ्याकडं बघितलं. मला ते ठाऊक आहे, हे त्यांना तेव्हाच कळलं. ते म्हणाले, "ते माझं हाय. माझं मी बघतो. तू चेंडू बघ."

मी गेले. त्या पाच मिनिटांत आम्ही बरोबरीचा गोल केला. मी दिलेल्या चेंडूवरच तो झाला. पण पुढं शूटआउटमध्ये आम्ही हरलो आणि अध्यक्षांनी शब्द पाळला. पुढच्या वर्षी हॉकीला नवे सर आले. आमचे सर निवृत्त होईपर्यंत खालच्या वर्गांना कवायत शिकवत राहिले. मी अकरावीला कोल्हापूरला आले, वसतिगृहात राहून शिकले, महाविद्यालयाच्या संघाकडून खेळले. आमच्या घरातली पहिली पदवी मी घेतली. पण सरांकडं जायचं मात्र टाळत राहिले. माझ्यामुळं त्यांचा संघ गेला, हे ओझं घेऊन कोणत्या तोंडानं जायचं?

शेवटी पदवीचा कागद हातात आला, तेव्हा आईच म्हणाली, "आधी त्यास्नी दाखवून ये." गेले. सर फार थकले होते. ती आमची शेवटची भेट, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन अक्षरन् अक्षर वाचला. मी इतकी वर्षं तोंडात धरलेलं वाक्य कसंबसं बोलले, "सर, माझ्यापायी तुमची टीम गेली."

त्यांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. पलंगावरून हळूच उठून ते जमिनीवर बसले. ताटलीतल्या शेंगा उचलून त्यांनी फरशीवर एक-एक मांडायला सुरुवात केली. "ह्यो पहिला. उजवीकडनं आल्ता, सोपा. ह्यो दुसरा, जोरात. तिसरा तू उलट्या स्टिकनं थांबवलास. माझा जीव गेल्ता, म्हटलं, सुटला..." त्या पाच मिनिटांतले असे सात चेंडू त्यांनी मांडले. प्रत्येक चेंडू कुणी मारला, कुठून आला, मी कुणाला दिला, एरवी 'कुणी मारला रं?' विचारणाऱ्या सरांना सगळं पाठ होतं. मलासुद्धा त्यातले तीनच आठवत होते.

मग त्यांनी मान वर करून मला विचारलं, "काय गं, त्या म्याचला शेवटाला काय झाल्तं? जिंकलो न्हवं आपण?"

"व्हय सर," मी म्हणाले.