फोटोखालची नावं

नवं पुस्तक हातात पडलं की विमलताई आधी त्यातले फोटो पाहत, मजकूर नंतर. पालघरच्या बाजारामागे दोन खोल्यांत आमची छोटी प्रकाशन संस्था होती. शेती, ग्रामविकास, गरीब देशांमधली बदलती खेडी अशा विषयांवरची पुस्तकं आम्ही मराठीत काढायचो. विमलताई तिथल्या संपादक. मी मनोरहून पहिल्यांदा कामाला गेले त्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे आफ्रिकेतल्या शेतीवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडून ठेवलं. पानावर डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई होती.

"खाली काय लिहिलंय?"

"सरपण वाहून नेणारी ग्रामीण स्त्री."

"आणि नाव?"

"नाव दिलेलं नाही."

"मागच्या पानावर एका संकरित गाईचं नाव छापलंय," त्या म्हणाल्या. "हिला नाव नाय?"

'नाही'चं 'नाय' झालं की ताई चिडल्यात, हे मला पुढे कळलं. एरवी त्या अगदी छापल्यासारखं बोलत. राग आला की तारापूरकडच्या त्यांच्या गावची बोली वर यायची. त्या बागायती करणाऱ्या वाडवळांच्या घरातल्या, चिकूच्या वाडीत वाढलेल्या. लग्न केलं नव्हतं. भाऊ वाडी सांभाळायचे आणि ताई रोज एसटीने पालघर गाठायच्या. दुपारी डबा उघडला तरी मांडीवर प्रुफं असायचीच, त्यामुळे आमच्या बऱ्याच प्रुफांना वालाच्या बिरड्याचे डाग पडलेले असत.

मोठमोठे प्राध्यापक त्यांना वचकून असत. 'लाभार्थी' हा शब्द दिसला की ताई समासात लिहीत, 'लाभ झाला का, ते आधी विचारून या.' एका नामवंत लेखकाने 'तळागाळातील समाज' असं लिहिलं होतं. ताईंनी त्यांना समोर बसवून विचारलं, "तळ समजला. गाळ कोणाला म्हणता तुम्ही?" ते गृहस्थ हसले, पण ताई हसल्या नाहीत. शब्द कापला गेला.

करोनानंतर ताईंनी ठरवलं की परदेशातल्या खेड्यांची भाषांतरं पुष्कळ झाली, आता आपल्याच खाडीकाठच्या गावांवर पुस्तक करायचं. आसपास कारखाने आल्यावर मासेमारीचं काय झालं, वाड्यांचं काय झालं, घरांत काय बदललं, ते त्या गावांतल्या माणसांच्याच तोंडून. वर्षभर आम्ही दोघी गावोगाव फिरलो. तिथेच हिराबाई भेटली. मासे विकून घर चालवणारी विधवा, आवाज खणखणीत. ओटीवर बोंबील निवडता निवडता ती ताईंना म्हणाली, "खाडीची कोलंबी शिजवली का वास येते, दवाखान्यासारका. पोरं ताट सरकवतात. आता आमच्या बोटी लांब जातात दर्यात, तवा कुठं खायला मावरं मिलते."

परतताना मी ताईंना म्हटलं, "हिचं नाव बदलूया का? अशा पुस्तकांत बदलतात."

ताई वाटेतूनच मागे फिरल्या आणि पुन्हा ओटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "हिराबाई, तुमचं नाव छापलं तर चालेल?"

"माजंच टाक. मी काय चोरी केलीय?"

"ऐकलंस?" ताई मला म्हणाल्या. "नाव बदललं की तिचं बोलणं कोणाचंच राहत नाही."

पुस्तक निघालं. समारंभाला हिराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली, पहिल्या रांगेत बसली. त्या दिवशी ताईंना मी जितकं खूश पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मग एका वर्तमानपत्राने पुस्तकातला तेवढाच उतारा उचलला. कोलंबीला दवाखान्याचा वास. वर हिराबाईचा फोटो, खाली नाव, गाव. दर्यात लांब जाणाऱ्या बोटींचं वाक्य गाळलेलं. ती मासे विकायला बसायची त्या बोईसरच्या बाजारात लोक तिला ओळखू लागले. "तुमच्या गावचे मासे नकोत बाई," म्हणून पुढे जाऊ लागले. एकट्या हिराबाईसमोरून नव्हे, त्या गावातल्या सगळ्या बायकांसमोरून. काही जणी 'सातपाटी बंदराचं हाय' असं खोटं सांगू लागल्या, पण गिऱ्हाइकांना चेहरे ठाऊक होते. संध्याकाळी भरल्या पाट्या घरी परत जाऊ लागल्या. खाडीवर एकदा दोन माणसं आली, तपासायला म्हणून बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेली. पुढे काहीच कळलं नाही.

कानावर आलं तसं ताई मला घेऊन बोईसरला गेल्या. बायकांनी हिराबाईला ओळीतून उठवलं होतं. ती पार टोकाला, गटाराच्या कडेला पाटी घेऊन बसली होती. आम्हाला पाहताच ओळीतली एक जण उठून ओरडली, "आली बघा पुस्तकवाली! तुमी लिवून मोकल्या झाल्या. आमची पोरं काय पुस्तक खातील?"

 ताई हिराबाईसमोर उकिडव्या बसल्या आणि पिशवी पुढे केली. "सगळे दे."

"ठेव ती पिशवी," हिराबाई म्हणाली. "तू एकली किती खाशील? तू खोटं नाय छापलंस, ताई. मीच बोल्लं ते. पन मी आता कुठं बसू, ते सांग."

ताई पिशवीची घडी घालून तिच्या शेजारी जमिनीवर टेकल्या. 

त्यानंतर ताई बाजारच्या दिवशी ऑफिसला यायच्या बंद झाल्या. बोईसरला जाऊन त्या हिराबाईच्या शेजारी जमिनीवर बसत, माश्या वारत, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "हे दर्यातलं आहे, खाडीतलं नाही." भावांना ते मुळीच आवडलं नाही. घरात बोलाचाली झाली, ताईंचं जेवणखाण वेगळं झालं. मासे तरीही खपत नव्हतेच.

पुस्तक मात्र गाजलं. विद्यापीठांतून मागणी आली, एक पुरस्कारही मिळाला. ताई तो घ्यायला गेल्या नाहीत. दुसऱ्या आवृत्तीचा विषय निघाला तेव्हा आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "विमल, पुस्तक गाजतंय."

"हो. मावरं मात्र विकलं जात नाय," ताई म्हणाल्या आणि दुसरी आवृत्ती त्यांनी निघू दिली नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला हिराबाईने पाटी सोडली. गावात तिच्याशी कोणी बोलेना, म्हणून ती बोईसरजवळ सालवडला भाड्याच्या खोलीत राहायला गेली आणि एका कारखान्यात झाडूकामाला लागली. ताई तिथेही जायच्या. सुटीच्या दिवशी वाडीतली भाजी, चिकू घेऊन जायच्या, तासभर बसून परतायच्या. तिथे काय बोलणं होई ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. ऑफिसातही त्यांचं बोलणं आटत गेलं. प्रुफं तशीच पडून राहू लागली. पोट दुखतं म्हणायच्या, पण डॉक्टरकडे गेल्या तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटी वेदनेने कण्हतानासुद्धा त्या कोणाला हाक मारत नसत. पुढच्या वर्षी ऐन उन्हाळ्यात गेल्या.

हिराबाईला कळवायचं राहिलं होतं. मी सालवडला गेले तर खोलीला कुलूप. शेजारणीने कारखान्याचा पत्ता दिला. फाटकावरच्या माणसाला मी निरोप दिला. "रुकिए मॅडम, बुलाता हूँ," म्हणून तो आत गेला. बऱ्याच वेळाने हिराबाई आली. अंगावर निळा कोट, डोक्याला फडकं.

"ताई गेल्या," मी म्हटलं.

ती फाटकाच्या कट्ट्यावर टेकली. रडली नाही. हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"शेवटी लई त्रास झाला?"

"झाला."

ती समोरच्या रस्त्यावरच्या टँकरांकडे बघू लागली.

"इतक्या वेला आली ती माज्याकडं," मग ती म्हणाली. "बसायची, भाजी द्यायची, जायची. पन एकदा बी माफी नाय मागितली."

ताईंच्या वतीने काही बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. तिने हाताने मला थांबवलं.

"बरं केलं तिनं. मागितली असती तर मला द्यावी लागली असती."

आतून भोंगा झाला. हिराबाईने हातमोजे चढवले आणि ती आत गेली.