साडभाऊंच्या तीन जणींचं घर

सन १९८३. माझं वय तेव्हा साठ. त्या साली मी एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगत असे, आणि आजही सांगतो, की मोहगावपासून रामाकोन्यापर्यंत अख्ख्या सौंसर तहसिलीत घराच्या बाबतीत माझ्या साडभाऊंइतका छळवादी माणूस दुसरा जन्मला नाही. लोक घर पाहतात म्हणजे काय पाहतात? विहीर किती लांब, छत गळते का, शेजारीण भांडकुदळ आहे का. साडभाऊ यातलं काहीच पाहत नसत. ते खिशातून उदबत्ती काढत, पेटवत, आणि ती हातात धरून घराच्या चारही कोपऱ्यांत चुपचाप उभे राहत. घरच्या मंडळींना वाटे, पाहुणा मोठा देवभोळा; बिचारी मागं हात जोडून उभी राहत. साडभाऊंचं देवाकडं लक्षच नसे. त्यांचे डोळे धुरावर. धूर सरळ वर गेला की मान हलवत. वाकडा झाला की "च्च्" करत, आणि ते "च्च्" एकदा झालं की त्या घरात पुरणपोळी वाढली तरी त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

माझ्या पुतणीसाठी मोहगावला मुलगा पाहायला गेलो तेव्हा मी यांना संगं नेण्याची चूक केली. मुलगा चांगला, बगीचा चांगला, चहा तर त्याहून चांगला. साडभाऊ उदबत्ती घेऊन आतल्या खोलीत शिरले ते बाहेरच येईनात. आले ते सरळ मुलाच्या बापासमोर. म्हणाले, "पोरगं तुमचं सोन्यासारखं आहे जी. पण वारा मोरीतून शिरते अन् सीधा खाटेवर निघते. खाट सरकवता का?"

बाप म्हणाला, "खाट आमच्या आज्यापासून तिथंच आहे."

"मंग आज्याले खोकला होता का?"

आजा खोकल्यानंच गेला होता. मी साडभाऊंचं धोतर धरून त्यांना खाली बसवलं आणि मनात म्हटलं, झालं, मोडली सोयरीक. पण बाप्पा, लग्न झालं. मुलाच्या आईनं त्याच दिवशी खाटही सरकवली. माझी पुतणी अजून त्या घरात आहे आणि सासऱ्यापेक्षा साडभाऊंची आठवण जास्त काढते.

हे माझे साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मी थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून मोठा. त्यामुळं माझा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही, आणि त्यांचं भलं मला ठाऊक आहे असं मी धरून चाललो. नागपूरला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत जनावरं सांभाळायची त्यांची नोकरी. तिथं गिनीपिग असत. हा शब्द आमच्याकडं कोणाच्या जिभेवर बसला नाही. सगळे विलायती उंदीरच म्हणत. सशाहून लहान, शेपूट नाही, कान गुलाबाच्या पाकळीएवढे. त्यांना चारापाणी करायचं, साफ ठेवायचं, आणि साहेबांनी सांगितलं की उचलून टेबलावर नेऊन द्यायचं. टेबलावर गेलेलं परत येत नसे. तीस वर्षं त्यांनी हे केलं. रिटायर व्हायच्या आदल्या साली माझी साळी, म्हणजे त्यांची बायको, दम्यानं गेली. पोरबाळ नव्हतं. निरोपाच्या दिवशी साहेबांनी विचारलं, काय पाहिजे? लोक घड्याळ मागतात. यांनी उरलेले तीन गिनीपिग मागितले आणि टोपलीत घालून सौंसरची बस पकडली.

कंडक्टर म्हणाला, "उंदीर बसमध्ये नाही चालत, बाबा."

"उंदीर नाई जी. सरकारी नोकरीत होते. माझ्यासंगच रिटायर झाले."

कंडक्टर इतका हसला की ड्रायव्हरच्या मागची, इंजिनाच्या उबेची सीट त्यानं स्वतः रिकामी करून दिली. बाया मात्र सौंसर येईपर्यंत पाय वर घेऊन बसल्या होत्या.

एक पांढरी, एक तपकिरी आणि एक कबरी, तिघीही माद्या. साडभाऊ त्यांना "तीन जणी" म्हणत. बापाच्या वेळच्या खोलीत ते राहायला आले, माझ्या घरापासून दोन गल्ल्या, आणि तीन जणींसाठी घर शोधायला लागले. पोरीसाठी स्थळ शोधावं तसं. शेजारणीनं कोंबड्यांचं खुराडं दिलं. "कोंबडीचा आजार लाकडात राहते" म्हणून परत. धान्याची कणगी आणली. "हा तुरुंग झाला" म्हणून परत. मी म्हटलं, तुमच्या घरात साळीची पत्र्याची ट्रंक आहे, ती रिकामी करा. त्यांनी झाकण उघडलं, आतल्या लुगड्यांवर हात ठेवला आणि झाकण लावलं. म्हणाले, "पत्रा थंडीत बर्फ होते." खोलीत ठेवावं तर चुलीचा धूर बसून राहतो. राहिली बाहेरची छपरी. तिथं उदबत्ती लावली की धूर पळत सुटायचा. आठ दिवस तीन जणी टोपलीत, आणि साडभाऊ छपरीत उदबत्तीचे पुडे संपवत बसलेले. किराणावाल्यानं मला विचारलं, "तुमचे साडभाऊ संन्यास घेऊन राहिले का?"

मला राग यायचं कारण निराळंच होतं. घरात पेटी ठोकणारा माणूस असताना हा गावभर खोके शोधतो! मी तिसरीतून शाळा सोडली. सही येते, पाटी वाचता येते. हे एवढं लिहायला मला महिना लागला. पण संत्र्याची पेटी म्हणाल तर माझा हात अख्ख्या तहसिलीत मोठा. माझी पेटी पांढुर्ण्याच्या ठेसनावरून दिल्लीला जाई आणि वरचं फळ जसं तसंच खालचं. त्यातली कला काय, तर फट. सालईच्या लाकडाच्या दोन पट्ट्यांत बोटभर फट सोडायची, कमी नाही, जास्त नाही. फळाला वारा लागला पाहिजे. कोंडलं की सडलं. हे मी चाळीस वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं.

तर मी त्यांना न विचारता दोन दिवसांत घर ठोकलं. लांबीला तीन पेट्या, वर उघडणारं झाकण, तळाला पट्ट्या सलग, आणि चारी बाजूंना बोटभर फट. डोक्यावर घेऊन गेलो आणि छपरीत ठेवलं. साडभाऊ भोवताली फिरले. रंध्यानं घासलेल्या कडांवरून हात फिरवला. मग उदबत्ती लावली आणि उत्तरेच्या बाजूला धरली. धूर एका फटीतून आत गेला आणि समोरच्या फटीतून बाहेर आला, रेघ मारल्यासारखा.

"काम तर सुंदर आहे जी," ते म्हणाले. "फक्त या बाजूच्या फटी बुजवता आल्या तर..."

"बुजवू? साडभाऊ, माझ्या पेटीतलं संत्रं दिल्लीपर्यंत सडत नाही!"

"संत्र्याले छाती नसते."

असं ते हळूच बोलले, माझ्याकडं न पाहता. मी म्हटलं, "तुमी तीस वर्षं जनावरं धरली, मी चाळीस वर्षं पेट्या ठोकल्या. पेटीचं मले शिकवू नका." त्यांनी उदबत्ती विझवली. तीन जणी त्या दिवशी नव्या घरात गेल्या. कबरी सगळ्यांत आधी आत शिरली, कोपऱ्यात तणस उकरलं आणि अशी शिट्टी मारली की मला वाटलं, आमचं भांडण तिनंच मिटवलं.

दोन दिवसांनी गेलो तर पेटीच्या उत्तरेला तागाचं पोतं टांगलेलं. माझ्या कामावर पोतं! मी ते ओढून काढलं, घडी करून त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "गरज पडली तर मी सांगीन." ते "हाव" म्हणाले. पुन्हा पोतं दिसलं नाही. घरी हे कळलं तेव्हा माझी बायको म्हणाली, "तुमच्या पेटीपरीस तुमचा हट्टच मोठा." बायका बोलतात, मी मनावर घेतलं नाही.

मनावर न घ्यायला आणखी एक कारण होतं. पौष लागला, वारा सुटला, आणि मी जेव्हा जेव्हा गल्लीतून जाई तेव्हा साडभाऊ छपरीत घोंगडी पांघरून पेटीला पाठ टेकून बसलेले. सकाळी तसेच, संध्याकाळी तसेच. चहा तिथंच, भाकर तिथंच, झोपही तिथंच. गल्लीतले लोक विचारत, "काय जी, अंडी उबवून राहिले का?" ते म्हणत, "हाव, पिल्लं निघाली का एक तुमालेही देईन." मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, पेटी आवडली. तोंडानं म्हणत नाहीत, पण टेकून बसतात. मी ही गोष्ट दोन-तीन जणांना सांगितलीही.

मग त्यांना पेन्शनच्या कागदासाठी नागपूरला जावं लागलं. एक रात्र मुक्काम. जाताना मला चारा दाखवला, पाणी दाखवलं, बसच्या वेळेला निघाले आणि दारातून परत आले.

"साडभाऊ, एक काम सांगू?"

"सांगा ना."

"कधीमधी इथं टेकून बसजा. मी बसतो तसं."

मी हसलो. "मी काय तक्क्या आहे?"

"नाई, तसं नाई... बसजा जमलं तर." आणि बस पकडायला गेले. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की वारा येतो, पाठ द्या. पण ते म्हणणं म्हणजे माझ्या पेटीला नावं ठेवल्यासारखं झालं असतं, म्हणून त्यांनी म्हटलं नाही.

मी चारा टाकला, पाणी भरलं, झाकण लावलं आणि घरी येऊन चुलीपाशी बसलो. त्या रात्री सौंसरात वारा असा होता की आमच्या छपराच्या कवेलूंतून शिट्ट्या येत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर पांढरी आणि तपकिरी एकीला एक चिकटून. कबरी उत्तरेच्या बाजूला, अंग फुगवून, नाकातून पाणी, पोट भात्यासारखं हलत असलेलं. मी तिला उचललं, घोंगडीत घेतलं, उन्हात बसलो. कोथिंबिरीची काडी नाकाशी धरली. तिनं वास घेतला, खाल्लं नाही. दुपारच्या बसनं साडभाऊ आले तेव्हा ती माझ्या मांडीवर होती आणि तिचं हलणं थांबून घटका झाली होती.

मी शब्द जुळवून ठेवले होते. वारा फार होता, जनावर नाजूक होतं, वय झालं असेल. साडभाऊंनी पिशवी खाली ठेवली, तिला माझ्या मांडीवरून उचललं, अंगठ्यानं तिचे कान सरळ केले. म्हणाले, "तुमी खाल्लं नसन अजून." मग पेटीजवळ बसले, सवयीनं, तशीच पाठ टेकून, आणि तेव्हा मला दिसलं की त्यांची पाठ बरोबर कोणत्या फटींवर येते.

कबरीला मांडीवर घेऊन ते बोलले. "लॅबमध्ये साहेब रोज विचारे, पिंजऱ्याले झोत तर लागून नाई राहिला? मी रोज पाहो. पडदा सरकला तर नीट करो. अन् घरी हिची खाट खिडकीखाली होती जी. बावीस वर्षं. खिडकीचं एक दार तुटलेलं. ती म्हणे, थंडी वाजते. मी म्हणो, घोंगडी घे." कबरीच्या पाठीवरून त्यांचा हात फिरत होता. "तिकडं पगार होता म्हणून पाहो का काय, देव जाणे. घरी नाई पायलं."

माझ्या बायकोची ती सख्खी बहीण. नागपूरच्या त्या खोलीत मीही जाऊन आलो होतो, त्या खाटेवर बसून चहा घेतला होता, आणि मीही नव्हतं पाहिलं. "माझं चुकलं" एवढे दोन शब्द तेव्हा म्हणायचे होते. साठ वर्षांत ते मला कोणी शिकवले नव्हते. आम्ही कबरीला मागच्या अंगणात पुरलं, हात धुतले, आणि मी घरी आलो.

साडभाऊंना जाऊन आता चार वर्षं झाली. छातीनंच गेले.

पण मी सांगत होतो त्या दिवसाचं. दुसऱ्या दिवशी फटफटलं तेव्हा उठलो आणि बायकोला विचारलं, शेणमाती कशी कालवतात. ती टोमणा मारील असं वाटलं होतं. ती म्हणाली, "पाणी कमी घाला, लवकर वाळते," आणि स्वतःच घमेलं काढून दिलं. पट्ट्या ठोकता आल्या असत्या, पण हातोडीच्या आवाजानं त्या दोघी घाबरल्या असत्या. म्हणून घमेलं डोक्यावर घेऊन मी दोन गल्ल्या चाललो. किराणावाला दुकान उघडत होता, म्हणाला, "काय बुवा, आज लिपाले निघाले?" मी म्हटलं, "हाव."

साडभाऊंनी दोघींना टोपलीत घेतलं आणि उंबऱ्यावर बसले. मी पेटी उन्हाला ओढली आणि माझ्याच हातच्या फटी बोटांनी भरू लागलो, उत्तरेपासून. तीन बाजू झाल्या तेव्हा मी थांबलो. उभ्या जन्मात पेटीबद्दल कोणाला काही विचारलं नव्हतं. त्या सकाळी विचारलं, "साडभाऊ, या बाजूची एक फट ठेवू का?"

त्यांनी उठून पाहिलं. सूर्य कुठून येतो ते पाहिलं.

"ठेवा जी," ते म्हणाले. "तिकडून ऊन येते."